माती कळेल असा उजेड

दिवाळीला मामाला मी एक बॅटरी घेऊन दिली होती. मुठीत मावणारी, काळी, हाताला जड लागणारी. बटण दाबलं की तीन शेतं पलीकडच्या आंब्याचा बुंधा उजळून निघावा असा तिचा झोत. माघात पुन्हा आजोळी गेले तेव्हा उसाला पाणी पाजायची त्याची पाळी रात्रीची होती. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात शेतीची थ्री फेज बऱ्याचदा रात्रीच येते. जेवण आटोपून, डोक्याला मफलर गुंडाळून तो निघाला आणि खुंटीवरची जुनी, पत्र्याची, तीन सेलची बॅटरी काढून घेतली. नवी तिथंच कोनाड्यात, देवाच्या फोटोशेजारी, नीट पुसून ठेवलेली. मी विचारलं, "मामा, ती घेत नाहीस?" चपला शोधत तो म्हणाला, "ती लांब बघायला झ्याक हाय गं. पण माती कळंना तिच्यात." एवढं बोलून खोरं खांद्यावर टाकून तो गेलाही.

माती कळंना म्हणजे काय?

रात्रभर ते वाक्य डोक्यात राहिलं. मामा जुन्याला चिकटून बसणारा माणूस नाही. घरातून पंप चालू-बंद करायचं मोबाईलचं स्टार्टर गावात सगळ्यात आधी त्यानं बसवलं. भाताची नवी जात आली की पहिला वाफा त्याचा असतो. शिवाय भाचीनं आणलेली वस्तू त्याच्या दृष्टीनं मोलाची; म्हणून तर ती देवाशेजारी होती. तेव्हा त्याचं बोलणं म्हातारपणाचा हट्ट म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. ज्या माणसानं तीस-चाळीस वर्षं रात्रीची शेतं भिजवलीत, त्याला उजेडाबद्दल काहीतरी ठाऊक होतं आणि मला ते ठाऊक नव्हतं. मला ते जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या रात्री दोन्ही बॅटऱ्या घेऊन मी त्याच्याबरोबर गेले. लावणीचा ऊस गुडघ्याएवढा होता, त्यामुळं सरी अजून उघडी दिसत होती. सरीत पाणी एकदम येत नाही. आधी त्याचं तोंड येतं, बोटभर उंचीचं. पाचटाचे तुकडे, वाळकी पानं आणि एखादी घाबरी मुंगी पुढं ढकलत, कडेला बारीक फेस घेऊन. ढेकळापाशी ते थबकतं. ढेकूळ बुडबुडे सोडतं, एका बाजूनं विरघळायला लागतं, आणि मग पाणी पुन्हा सरकतं. पण मामा त्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो बघत होता सरीच्या बगलेकडे. पाण्याच्या वर, वीतभर अंतरावर, माती आपल्या आपण पाणी ओढून घेत गडद होत चढते. ती ओल वरंब्याच्या माथ्याला पोचली की सरी भिजली. मग खोऱ्याच्या दोन घावांत इकडचं बारं, म्हणजे पाटातून सरीत पाणी यायची वाट, बंद आणि तिकडचं मोकळं. ओल अर्ध्यात असताना बारं मोडलं तर ऊस उपाशी, आणि उशीर झाला तर पाणी वाया. अख्ख्या रात्रीचं काम त्या एका रेघेवर चालतं.

मी नवी बॅटरी लावली. पाणी नुसतं चकाकलं. त्या लखलखाटात सरीच्या बगला राखाडी होऊन गेल्या: कोरडी माती फिकी राखाडी, ओली माती गडद राखाडी, आणि उसाच्या पात्याची सावली तीही गडद राखाडीच. सावली कुठं संपते आणि ओल कुठं सुरू होते ते मला वाकून, बोट लावून बघावं लागलं. मग मामानं आपली जुनी बॅटरी सरळ केली. तिचा उजेड नव्या बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याचाही नसेल. पण त्या मळकट पिवळ्या गोलात कोरडी माती विटकरी होती आणि भिजलेली माती काकवीच्या रंगाची. दोन्हींमधली रेघ स्वच्छ. मामा काहीच बोलला नाही, त्याला सिद्ध करायचं नव्हतंच काही. तो पुढच्या सरीला गेला.

घरी परतल्यावर मी वाचत सुटले, आणि आजही वाचते आहे. आपल्याकडची लाल माती लाल दिसते ती तिच्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळं. ही माती निळा आणि हिरवट उजेड बराचसा गिळून टाकते आणि तांबडा परत पाठवते. तांबडा उजेड मुळात तिच्यावर पडलाच नाही तर ती परत काय पाठवणार? बाजारातल्या बहुतेक पांढऱ्या एलईडीचं नेमकं हेच होतं. एलईडीच्या पोटात असतो निळा दिवा. त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर. निळ्यातला काही उजेड तो थर पिऊन पिवळा करून सोडतो, उरलेला निळा तसाच बाहेर येतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. निळा एलईडी जमायलाच किती वर्षं गेली! जपानच्या शिकोकू बेटावरच्या निचिया या कंपनीत शुजी नाकामुरांनी १९९३ मध्ये लख्ख निळा एलईडी करून दाखवला, १९९६ मध्ये तिथूनच पांढरा आला, आणि २०१४ साली आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निचिया मुळात फॉस्फर बनवणारी कंपनी होती, हे मला फार आवडतं. निळ्या दिव्याला पांढरं करणारी पावडर त्यांच्या घरचीच होती.

तर हा पांढरा जितका थंड, तितका त्यात निळा जास्त आणि तांबडा कमी. उजेड ऊबदार करायचा तर फॉस्फर वाढवावा लागतो, तांबडा देणारा फॉस्फर घालावा लागतो, आणि निळ्याचं तांबड्यात रूपांतर होताना शक्ती खर्ची पडते. शिवाय गडद तांबड्याला आपला डोळा मुळातच कमी दाद देतो. म्हणून तेवढ्याच विजेत थंड उजेडाचे ल्युमेन, म्हणजे डोळ्याला उजेड किती वाटतो त्याचं माप, जास्त भरतात. डब्यावर ल्युमेनचा आकडा मोठा दिसला की माल खपतो, म्हणून दुकानाच्या काउंटरवर ६५०० केल्विनच्याच, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाच्याच बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या असतात. खडेबाजारातल्या दुकानात मी पिवळसर उजेडाची बॅटरी मागितली तेव्हा दुकानदार मनापासून म्हणाला होता, "ताई, पांढरी घ्या की, लांब जातंय." त्याचं बरोबरच होतं. लांब जातोच तो. पण मामाची माती त्याच्या पायाशी होती.

केल्विनचा हा आकडा मला समजला तो बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमबागेत. माझे मिस्टर फाउंड्रीत आहेत. एकदा ओतकाम बघायला त्यांच्याबरोबर गेले होते. भट्टीतून लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या पात्रात आलं तेव्हा त्याचा रंग पिवळसर केशरी होता, आणि साच्यांच्या रांगेच्या शेवटाला पोचेपर्यंत तो तांबूस होत गेला. जुने कामगार त्या रंगावरूनच ओळखतात, लोखंड आता ओतण्यासारखं राहिलंय की नाही. ओतायच्या वेळचं तापमान १४०० सेल्सियसच्या आसपास, म्हणजे केल्विनमध्ये सुमारे १६७०. मेणबत्तीची ज्योत १९०० च्या जवळपास, घरातला जुना पिवळा बल्ब २७००, दुपारचं ऊन ५५००, आणि ढगाळलेलं आभाळ ६५०० किंवा त्याहून वर. तापलेली वस्तू जितकी जास्त तापेल तितकी ती तांबड्याकडून पिवळ्या, पांढऱ्या आणि शेवटी निळसर रंगाकडे जाते. उजेडाच्या रंगाला तापमानाचा आकडा लावतात तो यामुळं. बल्बची तार टंगस्टनची असते आणि टंगस्टन ३४२२ सेल्सियसला वितळतं. म्हणजे तारेचा कुठलाही बल्ब सूर्याइतका पांढरा होऊच शकत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरातला पिवळा उजेड कुणी आवडीनं निवडलेला नव्हता. तो तारेच्या मर्यादेतून आलेला होता, आणि आपण त्यालाच घरपण मानून मोठे झालो.

त्या जुन्या बॅटरीची अजून एक गोष्ट मला आता जाणवते. सेल उतरायला लागले की तार कमी तापायची आणि उजेड नारिंगी होत जायचा. आज्जा दारातूनच सांगायचा, "सेल लालावलेत, आज ओढ्याकडं जाऊ नगा." मग सेल काढून उन्हात ठेवायचे, पुन्हा घालायचे, आणखी दोन रात्री ओढायच्या. आताच्या चांगल्या एलईडी बॅटऱ्या शेवटपर्यंत रंग बदलत नाहीत. सर्किट वीज सांभाळून देतं, आणि सेल संपत आला की उजेड एकदम दोन पायऱ्या खाली येतो. हे सोयीचं आहे, नाकारत नाही. पण ओढ्याच्या मधोमध असताना ती पायरी यावी हे काही बरं नाही. नव्या बॅटऱ्यांना आता बटणाजवळ एक बारीक दिवा असतो, हिरव्याचा लाल होणारा. घेताना मी आधी तो आहे का ते बघते.

पिवळा म्हणजे चांगला, पांढरा म्हणजे वाईट, अशा निष्कर्षाला मी येऊन बसणार होते. त्यापासून मला वाचवलं गोवावेसनं. माझ्या कॉलेजच्या दिवसांत बेळगावच्या रस्त्यांवर सोडियमचे दिवे होते. गोवावेसला रात्री बसमधून उतरलं की सगळं शहर नारिंगी. त्या दिव्यांचा उजेड २००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे मामाच्या बॅटरीपेक्षाही ऊबदार. पण त्याखाली माझी हिरवी ओढणी तपकिरी दिसायची, लाल स्कूटर स्टँडवर ओळखू यायची नाही, आणि मैत्रिणीच्या चेहऱ्यावर आजारपण आल्यासारखं वाटायचं. उजेडाचा एकूण रंग एक, आणि त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात ही अगदी निराळी गोष्ट. या दुसऱ्या गोष्टीसाठी सीआरआय हा आकडा वापरतात. सूर्याचा किंवा तारेच्या बल्बचा १००, सोडियमचा जेमतेम वीस-पंचवीस, रस्त्यावर मिळणाऱ्या पांढऱ्या बॅटरीचा साधारण ७०, आणि मन लावून केलेल्या एलईडीचा ९० च्या पुढं. पण हा आकडाही पूर्ण भरवशाचा नाही. तो आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद तांबड्याचा नववा नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, तो त्या सरासरीत धरतच नाहीत. आठही पेपरात पास होऊन नवव्यात शून्य असलेले दिवे बाजारात भरपूर आहेत. आणि आपलं तर सगळं काम त्या नवव्याशीच. लाल माती, कुंकू, मुलाच्या घशाची सूज, पायाला काटा रुतून आलेलं रक्त.

म्हणून मी बॅटरी तपासते ती देव्हाऱ्यातल्या करंड्यावर. घरातले दिवे घालवायचे, हळदीकुंकवाचा करंडा उघडायचा आणि उजेड टाकायचा. वाईट बॅटरीत हळद फिकी हिरवट होते आणि कुंकू सुकलेल्या रक्तासारखं काळपट पडतं. चांगल्या बॅटरीत कुंकू पेटून उठतं. कुठल्याही यंत्राशिवाय, मिनिटभरात कळतं. सासूबाई आधी मला रागवल्या, देवाच्या वस्तूचा खेळ कशाला म्हणून. पण एकदा त्यांनी स्वतः दोन बॅटऱ्या आलटून पालटून लावून बघितल्या आणि मग बराच वेळ त्या करंड्यापाशीच बसून राहिल्या.

खरं तर हे ज्ञान बेळगावातल्या आमच्या वडगावात कधीपासून आहे. आमच्या गल्लीत, पलीकडे खासबागेत, शहापुरात, घरोघरी यंत्रमाग. दिवसभर खडाखड आवाज, आणि संध्याकाळी माग थांबले की कानात उरलेली शांतता टोचायची. शेजारच्या मावशींच्या मागावर साडीचा काठ चालू असला की त्या दिवस मावळल्यावर नवी रिळं जोडायच्या नाहीत. राणी रंग आणि डाळिंबी रंग ट्यूबलाइटखाली बहिणी-बहिणी दिसतात, आणि सकाळी दारात आणल्यावर काठात जोड उठून दिसतो. तो जोड दिसला की व्यापारी साडी बाजूला टाकणार. साडीच्या दुकानात बायका पदर धरून ओट्यावर उन्हात जातात त्यामागंही हेच. दुकानदार कुरकुरत नाही, उलट स्वतःच म्हणतो, "अक्का, भायेर नेऊन बघा." रंगांच्या बाबतीत आपल्या बायका दिव्यावर कधीच पूर्ण विश्वास ठेवत नाहीत. मीही त्यांच्यातलीच, मग शेतात नेणाऱ्या बॅटरीच्या बाबतीत तो अविश्वास मला आधी का सुचला नाही कोण जाणे.

मग मी ठरवलं की सीआरआय ९० च्या वरचाच घ्यायचा, आणि केल्विन आपल्याला रुचेल तो. इथं खरी अडचण सुरू झाली, कारण रुची जागेवर राहत नाही. वडगावातल्या घरी, ट्यूबलाइटच्या शेजारी ३००० ची बॅटरी लावली तर ती मळकी, आजारी पिवळी वाटते. तीच बॅटरी आजोळच्या अंगणात, जिथं शेजारी दुसरा दिवाच नाही, दहा मिनिटांत पांढरी वाटायला लागते. डोळा तिलाच पांढरं मानून घेतो. उलट घरी छान, स्वच्छ वाटणारी ५००० ची बॅटरी अंगणात नेली की निळी आणि परकी दिसते. म्हणजे बॅटरीचा रंग एकट्या बॅटरीचा नसतोच, आजूबाजूला कुठला उजेड आहे त्यावर तो ठरतो. फिलिप्स कंपनीतल्या क्रुइथोफ या डच शास्त्रज्ञानं १९४१ मध्ये एक आलेख मांडला होता: उजेड मंद असेल तर माणसाला ऊबदार रंग सुखाचा वाटतो, भरपूर असेल तर थंड. पुढच्या संशोधकांना तो आलेख जसाच्या तसा पटलेला नाही, पण अंगणातल्या अंधारात उभं राहिल्यावर मला तरी तो पटतो. मंद झोतात ६५०० चा उजेड प्रेतकळा आणतो. हा शब्द जड आहे, पण त्या उजेडात निजलेल्या मुलाचा चेहरा मी बघितलेला आहे, आणि मला तो पुन्हा तसा बघायचा नाही.

चांदण्याचं काय, हे मला त्याच अंगणात विचारावंसं वाटलं. चांदणं तर निळसर, थंड, आणि तरीही कुणाला नकोसं वाटत नाही. मोजलं तर चंद्राचा उजेड सुमारे ४१०० केल्विन भरतो, म्हणजे उन्हापेक्षा पिवळाच. तो निळा दिसतो ते आपल्या डोळ्यामुळं. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना तांबडा जवळजवळ दिसत नाही, निळसर-हिरवा मात्र चांगला दिसतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं १८१९ मध्ये हे नोंदवलं: पहाटेच्या अंधुक उजेडात लाल फुलं काळी आणि पानं उजळ. जास्वंदीच्या झाडाशी भल्या पहाटे फुलं तोडायला गेलेल्या कुणालाही हे माहीत आहे. आधी पानं दिसतात, फुलं हाताला लागतात. याचा अर्थ असा की रात्री लाल माती आधीच आपल्यापासून हिरावलेली असते. ती परत आणून द्यायची तर बॅटरीनं मुद्दाम तांबडा घेऊन यायला हवा, थोडका का असेना.

एका आषाढात आम्ही कणकुंबीच्या माउलीला गेलो होतो. परतताना जांबोटीच्या अलीकडे धुकं इतकं उतरलं की गाडी कडेला घेऊन मला पुढं चालत रस्त्याची कड दाखवावी लागली. तिथं ६५०० ची बॅटरी म्हणजे डोळ्यासमोर पांढरी भिंत. धुक्यात पिवळा उजेड आरपार जातो असं सगळे म्हणतात. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते ते काहीसं याच समजुतीतून. पण धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि ते निळा, पिवळा, तांबडा सगळे सारखेच उधळून लावतात. पिवळ्याचा फायदा एवढाच की उलटून डोळ्यात आलेला उजेड तितका खुपत नाही. खरा फरक पडला तो बॅटरी डोळ्यांपासून दूर, खाली गुडघ्याजवळ धरल्यावर. मग धुक्याची भिंत वर राहिली आणि तिच्याखालून रस्त्याची पांढरी पट्टी आणि लाल साइडपट्टी निराळ्या दिसायला लागल्या. केल्विनचा आकडा कितीही जपला तरी हात कुठं आहे त्याला तो पर्याय होत नाही.

शेवटी एका रात्री मी ६५००, ५०००, ४००० आणि २७०० अशा चार बॅटऱ्या पिशवीत घालून शेतावर नेल्या. पहिली सोडून बाकी तिन्ही ९० च्या वरच्या सीआरआयच्या. २७०० वर माझी खूप आशा होती. तो आज्जाच्या बॅटरीचा रंग होता, त्यात माझं सगळं आजोळ होतं. माती त्यात खरंच सुंदर दिसली. पण उसाचं पातं मरगळलेलं दिसत होतं. ते पिवळं पडलंय की उजेड पिवळा आहे, ते कळेना. मामीच्या लुगड्याचा निळा आणि काळा एकच झाला. ५००० मध्ये पानं ताजी, हिरवीगार, सगळं खरं, पण ओलीची रेघ थोडी मागं सरकलेली, आणि काळोखात तो रंग अंगावर येत होता. ४००० लावली आणि मी बराच वेळ ती बंदच केली नाही. माती विटकरी, ओल गडद, पातं हिरवं, आणि बांधावरच्या वाळक्या पाचोळ्यात पानापानाचा तपकिरी वेगळा. हा पाचोळ्याचा तपकिरी मला फार महत्त्वाचा वाटतो. घोणस पडून राहते ती अशाच पाचोळ्यात, तिच्या अंगावरची साखळी त्याच रंगांची असते, आणि राखाडी उजेडात पाचोळा आणि साखळी यांत फरक उरत नाही. आमच्याकडे भाताच्या कापणीनंतर घोणस दिसली नाही असं वर्ष जात नाही.

मामाला मी कुठली कितीची ते सांगितलंच नाही. चारही बांधावर ठेवल्या आणि म्हटलं, बघ. त्यानं एकेक उचलली, सरीच्या बगलेवर टाकली, ठेवली. ४००० ची त्यानं ठेवली नाही. ती हातातच ठेवून बारं मोडलं, पुढं गेला, तिथलं बारं मोडलं, आणि लांबूनच ओरडून विचारलं, "ह्याला सेल कुठलं लागत्यात? खानापुरात मिळत्यात काय?" मला तो प्रश्न फार आवडला. हौशी लोकांच्या उत्तम बॅटऱ्यांना १८६५० नावाचा जाडसर लिथियम सेल लागतो आणि तो तालुक्याच्या गावी भरवशाचा मिळत नाही. ही मात्र मोबाईलच्याच चार्जरच्या पिनवर चार्ज होणारी होती. तेवढं ऐकल्यावर त्यानं तिला दोरी बांधून गळ्यात घातली.

पांढऱ्या झोताची बॅटरी आता मामेभावाकडे असते, आणि त्याच्या हातात ती अगदी योग्य जागी आहे. भात पिकलं की रात्री गवे येतात, कधी डुकरं. मळ्याच्या पलीकडच्या टोकाला, जंगलाच्या कडेला काही हललं का ते बघायचं तर तिथं रंगाचं काही काम नाही. दोन डोळे चमकले पाहिजेत, आणि ते किती उंचीवर चमकले त्यावरून गवा की डुक्कर हे तो सांगतो. त्या कामाला मिळेल तेवढा लांबचा, मिळेल तेवढा तेज उजेड हवा. मामीनं २७०० ची घरात ठेवून घेतली. लाइट गेली की ती छताकडे तोंड करून तांब्यात उभी करते आणि सगळं माजघर निवांत पिवळं होतं. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या दिव्यावर झेपावतात, त्याही या उजेडावर कमी येतात असं तिचं म्हणणं. निळा उजेड किड्यांना जास्त ओढतो हे खरंच आहे.

५००० ची मी वडगावात परत आणली. मावशींनी ती बघितली, राणी आणि डाळिंबी दोन्ही रिळं तिच्याखाली धरली, खिडकीत नेऊन पुन्हा बघितली आणि म्हणाल्या, "रंग बरोबर दावतंय. पण हात दोनच हाईत की गं, ही धरू की धागा जोडू?" त्यांच्यासाठी आता डोक्याला पट्ट्यानं बांधायची बघते आहे, तेवढ्याच केल्विनची, सीआरआय ९५ ची, आणि वजनाला हलकी, त्यांची मान दुखते.